उपाशी श्वास

सोमवारी सकाळी आठ वाजता ज्योत्स्ना बेडसेने विलगीकरण कक्षातली तापाची वही तिसऱ्यांदा उघडली. चौदा रुग्ण, चौदा पानं. आठ पानांवर ताप चढत-उतरत होता, जसा व्हायला हवा तसा. उरलेल्या सहा पानांवर एकच आकडा खालपर्यंत लिहिलेला होता : अठ्ठ्याण्णव. कुणाला येऊन तीन दिवस झाले होते, कुणाला पाच. खोकला नाही, धाप नाही, अंगदुखी नाही. फक्त अशक्तपणा आणि जेवण नको.

दमताप असा वागत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

दमताप हे लोकांनी ठेवलेलं नाव. २०३९च्या जानेवारीत ही साथ आली तेव्हा डॉक्टरांनी तिला एक लांबलचक नाव दिलं होतं, पण ताप येतो आणि दम लागतो एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. आठवडाभरात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, गुजरातची वाट बंद झाली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मोरखेड्याच्या विज्ञान महाविद्यालयात तीनशे बारा मुलंमुली वसतिगृहातच अडकली. बहुतेक जण डोंगरातल्या पाड्यांवरून आलेले. ज्योत्स्ना तिथली आरोग्य मार्गदर्शक. शिक्षणाने परिचारिका, वय एकोणचाळीस. मुलं तिला घाबरत नसत, आणि तिच्या कामात तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

महाविद्यालयाला सरकारकडून एक यंत्र मिळालं होतं. नळीत दहा सेकंद फुंकायचं आणि मिनिटभर थांबायचं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. आपल्या उच्छ्वासात हवेबरोबर शेकडो वायुरूप रसायनं अत्यंत सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडत असतात. शरीरात विषाणू शिरला की पेशी आपलं इंधन वेगळ्या रीतीने जाळू लागतात आणि श्वासाचा वास बदलतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. फुंकणी अशी अकरा रसायनं मोजायची आणि ताप चढण्याच्या दोन दिवस आधीच सांगायची, हा माणूस आता रोग पसरवणार. मग पडद्यावर लाल पट्टी यायची.

लाल पट्टी आली की विलगीकरण. आणि त्याबरोबर तातडीची मदत : तासाभरात विद्यार्थ्याच्या खात्यात सहा हजार रुपये, चौथ्या दिवशीही पट्टी लाल राहिली तर पुन्हा तितकेच. हा दुसरा भाग ज्योत्स्नाचा होता. कोरोनाच्या वेळी ती स्वतः नर्सिंगची विद्यार्थिनी होती. तिच्या खोलीतल्या मुलीने ताप लपवला होता, कारण ती रुग्णालयातल्या रोजंदारीवर घर चालवत होती. ती मुलगी गेली. म्हणून या वेळी प्राचार्यांच्या समितीत ज्योत्स्नाने हट्ट धरला होता : आजारी पडणाऱ्याचं नुकसान आपण भरून दिलं, तर कुणी आजार लपवणार नाही.

आणि खरंच कुणी लपवला नव्हता. रोज सकाळी फुंकायला रांग लागत होती.

वही मिटून ती तन्वीर पिंजारीकडे गेली. तन्वीर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक. फुंकणीची देखभाल त्याच्याकडे होती.

"तन्वीरभाई, यंत्र नुसतं लाल-हिरवं दाखवतं. आतले अकरा आकडे बघता येतात का?"

"येतात की. कुणी मागितलेच नाहीत आजवर."

त्याने सहा जणांचे आलेख काढले, शेजारी खऱ्या रुग्णांचे लावले. खऱ्या रुग्णांच्या आलेखात चार-पाच ठिकाणी टोकं वर आली होती. या सहा जणांच्या आलेखात एकच टोक होतं, पण ते इतकं उंच की पडद्याच्या वरच्या कडेला टेकलं होतं.

"हे कसलं?" तिने विचारलं.

"ॲसिटोन." तन्वीर सावकाश म्हणाला. "नखांचं पॉलिश काढायला वापरतात ना, तेच. शरीरही ते तयार करतं. खायला मिळालं नाही की साखर संपते, मग शरीर चरबी जाळतं, आणि ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतं. ताई, हे आजाराचं लक्षण नाही. हे उपासाचं आहे."

"मग यंत्र लाल का दाखवतंय?"

"त्याला ज्या रुग्णांवरून शिकवलं ते सगळे मोठ्या रुग्णालयातले. तापाने त्यांची भूक गेलेली. म्हणजे प्रत्येक आजारी माणूस उपाशीही होता. यंत्राने दोन्ही एकच धरलं. निरोगी माणूस दोन दिवस उपाशी राहून फुंकायला येईल, असं यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात कशाला येईल?"

ज्योत्स्ना खुर्चीवर बसली. कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. एखाद्या मुलाची अगदी सहज लाल पट्टी आली असेल, खात्यात पैसे आले असतील आणि ताप मात्र आला नसेल. त्याने दुसऱ्याला सांगितलं असेल. आता सहा धडधाकट मुलं पैशासाठी पोट मारून खऱ्या रुग्णांच्या शेजारच्या खाटांवर झोपली होती. तिने केलेल्या नियमानेच त्यांना तिथे नेलं होतं.

"त्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढायला हवं," ती म्हणाली.

"कुठे? वसतिगृहात? सहापैकी एकाला जरी आतापर्यंत खरा लागला असला तर तीनशे जणांत सोडाल. आणि आज यंत्राला विचारून उपयोग नाही, ते सहाही जणांना लालच म्हणणार."

"त्यांना जेवायला घातलं तर?"

तन्वीरने क्षणभर विचार केला. "साखर पोटात गेली की सात-आठ तासांत ॲसिटोन उतरायला लागेल. मग खाली जे उरेल ते खरं. संध्याकाळी पाचला फुंकलं तर कळेल."

प्राचार्य देवरे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचा पगार खानावळीच्या किराण्यासाठी दिला होता. पण त्यांचा चेहरा उतरला.

"बेडसे मॅडम, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? सरकारी निधीत फसवणूक. वर कळलं तर मदत थांबेल. सहा जणांची नाही, सगळ्यांचीच. तीनशे मुलांची."

"सर, फसवणूक वगैरे नंतर. ती मुलं आत आहेत."

"काढा बाहेर. एकेकाला वेगळ्या वर्गात ठेवा. पण संध्याकाळपर्यंत मला नावं पाहिजेत. ज्यांची पट्टी हिरवी होईल त्यांची नावं आपण स्वतःहून कळवायची, म्हणजे बाकीच्यांची मदत वाचेल."

"नावं कळवली तर त्यांचं काय होईल?"

"नियमाप्रमाणे वर्ष जाईल. कदाचित प्रवेश रद्द." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मला आनंद होतोय असं समजू नका."

दहा वाजेपर्यंत सहा जणांना रिकाम्या वर्गांत एकेकटं हलवलं. ज्योत्स्नाने खानावळीतून गुळाचं पाणी आणि तांदळाची पातळ पेज मागवली. इतक्या दिवसांच्या उपासानंतर एकदम पोळीभाजी देणं धोक्याचं. तिने अंगावर संरक्षक पोशाख चढवला आणि एकेका दारात जाऊन ती तेच सांगत गेली : मला माहीत आहे, खाऊन घे. पहिल्या मुलाने मान खाली घातली आणि पेला तोंडाला लावला. दुसरा रडला, पण प्यायला. पाच जण झाले.

सहावी अनिषा पावरा. दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्र. धडगावच्याही पुढे डोंगरात घर. शुक्रवारी तिची पट्टी लाल झाली होती, म्हणजे आज चौथा दिवस. ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते. समोर ठेवलेल्या वाटीकडे ती बघतही नव्हती.

"अनिषा, कधीपासून खाल्लं नाहीस?"

"भूक नाही मॅडम. ताप आहे ना."

"ताप नाही. मी यंत्राच्या आतले आकडे बघितलेत."

अनिषाने मान भिंतीकडे वळवली.

"कधीपासून?"

"बुधवारपासून," ती शेवटी म्हणाली. "काळा चहा घेते. बिनसाखरेचा."

बुधवार. पाच दिवस. ज्योत्स्नाने वाटी तिच्याजवळ सरकवली.

"थोडी पेज घे. दोन घोट."

"घेतली तर हिरवं येईल."

"यायलाच पाहिजे."

"आज दुसरे पैसे आहेत." तिचा आवाज क्षीण होता, पण त्यात जराही विनवणी नव्हती. ती हिशेब सांगावा तसं सांगत होती. "बाबा सुरतेला बांधकामावर होता. काम बंद झालं, मुकादमाने हाकलून दिलं. चालत आला. रेशन दुकानात यंत्रावर त्याचा अंगठा लागत नाही, सिमेंटने बोटं गुळगुळीत झालीत. घरात चार माणसं आहेत. पहिले पैसे पाठवले ते पंधरवडा पुरतील. मी इथे उपाशी राहिले तर तिकडे चौघं जेवतात. तुम्हीच सांगा, यात चूक काय?"

ज्योत्स्नाने वर्षभर या मुलांना पौष्टिक आहारावर व्याख्यानं दिली होती.

"मदतीचा अर्ज का केला नाहीस? अडचणीतल्या मुलांसाठी दुसरा निधी आहे."

"केला होता. उत्पन्नाचा दाखला मागितला. तहसील बंद आहे." ती जरा थांबली. "फुंकणी दाखला मागत नाही."

खिडकीबाहेर विलगीकरण कक्षाच्या दिशेने कुणीतरी खोकत होतं. ज्योत्स्नाने घड्याळ बघितलं. साडेदहा. आता खाल्लं नाही तर पाचला आलेखातून काहीच वाचता येणार नव्हतं. या मुलीला बरं म्हणावं की आजारी, हे कुणालाच कळणार नव्हतं. आणि तिच्या शेजारच्या खाटेवरची मुलगी कालपासून प्राणवायूवर होती.

"ऐक," ज्योत्स्ना म्हणाली. "तुझे पैसे मी थांबू देणार नाही. पट्टी हिरवी आली तरी. आणि तुझं नाव कुणाला देणार नाही."

"सर ऐकतील?"

"माहीत नाही."

"मग कसं सांगता?"

"सरांच्या वतीने नाही सांगत. माझ्या वतीने सांगते."

अनिषाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. तोंडावरच्या काचेआडचा चेहरा नीट दिसतो का, ते बघत असावी. मग तिने वाटी उचलली. ती तिला पेलली नाही, पेज बाकावर सांडली. ज्योत्स्नाने वाटी धरली आणि चमच्याने भरवायला सुरुवात केली. चौथ्या चमच्याला अनिषा रडू लागली. तिने खाणं थांबवलं नाही.

दुपार कशी गेली ते ज्योत्स्नाला नंतर आठवत नसे. दर दोन तासांनी थोडं गुळाचं पाणी, थोडी पेज. मधल्या वेळात ती कार्यालयात बसून एक पत्र लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. साडेचारला तिने ते पूर्ण केलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

पाच वाजता तन्वीरने फुंकणी चाकांच्या टेबलावरून एकेका वर्गापाशी नेली. पहिला मुलगा, हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा काठावर, पण आलेखात ॲसिटोनशिवाय काही नव्हतं. चौथा आणि पाचवी हिरवे. तन्वीर प्रत्येक वेळी मोठा श्वास सोडत होता.

अनिषाने दहा सेकंद फुंकलं. मिनिट संपलं. पट्टी लाल आली.

"उतरलं नसेल अजून," ज्योत्स्ना घाईने म्हणाली. "पाच दिवसांचा उपास आहे. तासाभराने पुन्हा बघू."

तन्वीरने आलेख उघडला. त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. ॲसिटोनचं उंच टोक निम्म्याहून खाली आलं होतं. आणि त्याच्या सावलीतून आता दुसरी टोकं दिसत होती. चार. ती तिने सकाळपासून खऱ्या रुग्णांच्या आलेखांत इतक्या वेळा बघितली होती की मोजायची गरज नव्हती.

शुक्रवारी ती त्या कक्षात निरोगी गेली होती.

"हिरवं आलं का?" आतून अनिषाने विचारलं.

ज्योत्स्ना दारात गेली. "नाही. लाल आलंय. या वेळी खरं आहे."

अनिषाला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हणजे दुसरे पैसे येतील." आणि हे बोलल्यावर तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली.

रुग्णवाहिका बोलावली तेव्हा ताप यायचा होता. ताप चढण्याआधीच तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवलं. उपासाने खंगलेल्या शरीराला हा रोग लवकर मोडतो, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि पुढचे नऊ दिवस ते खरं ठरतंय की काय असं वाटत राहिलं.

रुग्णवाहिका गेल्यावर ज्योत्स्ना देवरे सरांच्या खोलीत गेली. त्यांनी कागद-पेन पुढे सरकवलं.

"पाच नावं."

तिने खिशातलं पत्र टेबलावर ठेवलं. सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं की यंत्र भुकेला आजार समजतं, त्याचे आलेख सोबत जोडले आहेत. की मदत आजाराशी बांधण्याचा नियम ज्योत्स्ना बेडसे यांनी सुचवला होता. की त्या नियमामुळे निरोगी विद्यार्थी रुग्णांत राहिले आणि एका विद्यार्थिनीला लागण झाली. की याची जबाबदारी नियम करणाऱ्याची आहे. खाली तिची सही होती. नावांच्या जागी एकच नाव होतं, तिचं.

"तुम्हाला काढून टाकतील," सर म्हणाले.

"काढू देत."

"आणि मी नावं दिली तर? मलाही ती सापडतील. तन्वीरकडे नोंदी आहेत."

"सापडतील सर. तुम्ही प्राचार्य आहात. पण एक सांगा, उद्या सकाळी फुंकायला कोण येईल? पाच जणांचं वर्ष गेलं हे कळल्यावर खरा आजारी मुलगासुद्धा त्या नळीजवळ फिरकणार नाही. आठ दिवसांत तुमच्याकडे नऊ नाही, शंभर रुग्ण असतील."

सर उठून खिडकीशी गेले. मैदानावर दोन मुली अंतर ठेवून चालत होत्या.

"मग तुमचं म्हणणं काय?"

"मदत आजाराला द्यायची नाही. जो मागेल त्याला द्यायची. दाखला नाही, पट्टी नाही. आणि फुंकायचं ते फक्त रोगासाठी."

"सगळेच मागतील."

"मागू देत. तीनशे बारा आहेत. ज्यांना गरज नाही तेही मागतील थोडे. त्यासाठी कुणी पाच दिवस उपाशी राहणार नाही."

सरांनी पत्रावर शेरा मारला. काय लिहिलं ते त्यांनी तिला दाखवलं नाही. पण नावांचा कोरा कागद त्यांनी खणात ठेवून दिला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. वरून चौकशी आली. ज्योत्स्नाला समितीवरून काढलं, पगारवाढ थांबवली, नोकरी राहिली. यंत्राच्या कंपनीने सगळीकडची यंत्रं परत शिकवायला घेतली, कारण असे सहा जण फक्त मोरखेड्यातच निघाले नव्हते. देवरे सरांच्या शेऱ्यावर मागेल त्याला मदत देण्याची तीन महिन्यांची परवानगी आली. पहिल्या दिवशी दोनशे चाळीस जणांनी मागितली. त्याच सकाळी फुंकणीपुढची रांग अर्ध्याहून कमी झाली. ज्योत्स्ना खोल्याखोल्यांतून फिरली, प्रत्येकाच्या दारात उभी राहून बोलली. आठवडा लागला. रांग पूर्वीइतकी कधीच झाली नाही, पण पुरेशी झाली. त्या वसतिगृहात साथीने दोघं गेले. दोघांची नावं ज्योत्स्ना आजही न अडखळता सांगते.

अनिषा तेवीस दिवसांनी सुटली. वाटा नुकत्याच उघडल्या होत्या. तिला न्यायला तिचा बाप आला, दिलवर पावरा. उंच, हडकुळा माणूस, हाताची बोटं खरोखरच नदीतल्या दगडासारखी गुळगुळीत. ज्योत्स्ना रुग्णालयाच्या आवारात त्याच्याबरोबर लिंबाखाली थांबली होती.

"मॅडम, तुमच्या कॉलेजने पैसे पाठवले," तो म्हणाला. "दोन वेळा. घरात चूल पेटली त्याच्यावर. पोरगी फोनवर म्हणाली, कॉलेज सगळ्यांना देतं."

ज्योत्स्ना हो म्हणून विषय संपवू शकत होती. मुलगी बरी झाली होती, माणूस आभार मानत होता. तिने पायाखालच्या मातीकडे बघितलं.

"दिलवरभाऊ, तेव्हा सगळ्यांना देत नव्हतो. आजारी असेल त्यालाच देत होतो. ती आजारी नव्हती. यंत्राला आजारी वाटावं म्हणून ती उपाशी राहिली. तसा नियम मी केला होता. आत रुग्णांजवळ राहिली म्हणून तिला रोग लागला."

समोरून औषधांची हातगाडी गेली.

"किती दिवस उपाशी?"

"पाच."

त्याने बोटांकडे बघत ती एकेक करून मिटली. मग मूठ उघडली.

"आम्ही त्या दिवसांत दोन वेळ जेवलो," तो म्हणाला. "तिच्या आईला हे सांगू नका."

"नाही सांगणार."

"तुमच्यावर राग आहे मॅडम. खोटं कशाला बोलू. पण दुसरं कुणी असतं तर मला हे कळलंच नसतं."

दार उघडलं. अनिषा हातात कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली, उन्हाने डोळे बारीक करत. दिलवर चार पावलं पुढे गेला. मिठी मारावी की नाही, त्याला कळेना. साथीने ती सवय सगळ्यांचीच मोडली होती. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

अनिषाने एकदा ज्योत्स्नाकडे बघितलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे. त्याला कळलंय, हे तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "भूक लागलीय."

आवाराबाहेर एक पोळीभाजीची गाडी उभी होती. दिलवर तिचा हात धरून तिकडे निघाला.